परत बोलावलेली गाडी

नाशिक येथे महिंद्र आणि महिंद्र या कंपनीचा मोटारनिर्मितीचा कारखाना आहे. २०२१ साली तेथे आलेले इंधन दूषित असावे, असा संशय कंपनीला आला. अशा इंधनामुळे डिझेल इंजिनाचे भाग वेळेआधीच झिजण्याचा धोका होता. म्हणून २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेल्या, सहाशेहून कमी गाड्यांची तपासणी व आवश्यक ती दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे कंपनीने जाहीर केले. यालाच 'वाहन परत बोलावणे' किंवा 'रिकॉल' असे म्हणतात.

झीज आणि दोष

वापराने टायर गुळगुळीत झाले, तर ते बदलण्याचा खर्च मालकाचा असतो. परंतु ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅग यांच्या रचनेत वा निर्मितीतच उणीव राहिली असेल, तर तो मालकाचा अपराध नव्हे. असा दोष एका गाडीपुरता राहत नाही. त्याच वेळी तयार झालेल्या अनेक गाड्यांत तो दडलेला असू शकतो. त्याचा धोका गाडीत बसलेल्यांना असतो, तसाच रस्त्याने पायी चालणाऱ्यालाही असतो.

कायदा काय सांगतो?

२०१२ पासून भारतातील वाहन उत्पादक स्वेच्छेने अशी वाहने परत बोलावू लागले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने मालकांच्या तक्रारी आल्यास चौकशी होते व केंद्र सरकार वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. तेव्हा उत्पादकाला दुरुस्ती करून द्यावी लागते, वाहन बदलून द्यावे लागते किंवा त्याची किंमत परत करावी लागते. शिवाय दंडही होतो. मात्र उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून वाहने परत बोलावली, तर त्याला या दंडातून सूट मिळते. हे नियम निर्मितीपासून सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू आहेत.

पत्र कोणाला मिळणार?

समजा, नाशिकला तयार झालेली अशी एखादी गाडी कोलकात्यातील बागबाजारात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने जुनी म्हणून विकत घेतली. कंपनीच्या दप्तरात पहिल्या मालकाचाच पत्ता असेल, तर सूचना त्याच्याकडे जाईल आणि दोष मात्र बागबाजारात फिरत राहील. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने स्वतः चौकशी करावी. नोंदणी प्रमाणपत्रावर १७ अक्षरे व अंक मिळून झालेला चासी क्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या अधिकृत सेवाकेंद्रात दाखवावा. दुरुस्तीसाठी नाशिकला जाण्याची गरज नसते. कोलकात्यातील अधिकृत सेवाकेंद्रातही ती होऊ शकते.

दुरुस्ती झाल्यावर केलेल्या कामाची लेखी नोंद मागून घ्यावी. सेवाकेंद्राने टाळाटाळ केली, तर कंपनीकडे लेखी तक्रार करून तिची प्रत जपून ठेवावी. तरीही दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे साहाय्य घ्यावे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे.

अशी विनामूल्य दुरुस्ती ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. तो ग्राहकाचा हक्क आहे. पण गाडी सेवाकेंद्रात नेण्याचे काम शेवटी मालकालाच करावे लागते.

कृती : आपल्या किंवा परिचिताच्या वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा. त्यावरील चासी क्रमांक व निर्मितीचा महिना-वर्ष वहीत लिहून ठेवा.