डॉक्टरांच्या नावापुढील अक्षरे

अपघात विभागातील डॉक्टरांच्या नावापुढील अक्षरांविषयी देणगीदार व नातेवाईक वारंवार विचारणा करतात. भारतीय वैद्यक परिषदेने तातडीच्या वैद्यकशास्त्रास २००९ मध्ये स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वीपासून कार्यरत असलेल्या ‘सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन इंडिया’चे सभासदत्व म्हणजे पदवी नव्हे. लंडनच्या रॉयल कॉलेजचे ‘एमआरसीईएम’ मात्र परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच लाभते. ‘एफआरसीईएम’ ही त्यापुढील पायरी. म्हणून नेमणुकीच्या वेळी आम्ही सभासदत्वाच्या पावतीआधी एमडी अथवा डीएनबी पाहतो. माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी असे विशेषज्ञ दुर्मीळच. आमच्या रात्रपाळीस एमबीबीएस डॉक्टर असतात. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली उलटून जखमी येतात, त्यांच्या आप्तांस हे ठाऊक असावे, याकरिता दर्शनी फलकावरही तेवढेच लिहिले आहे.