लस आणि माणसं (भाग ७) : हातभर अंतरावरचे डॉक्टर

गेल्या आठवड्यात आपण परिचारिकांविषयी बोललो. आज दातांच्या डॉक्टरांविषयी. कोविडच्या काळात संसर्गाच्या इतक्या जवळ बसून काम करणारे फार थोडे होते. इथे रुग्णाला मास्क काढावाच लागतो आणि डॉक्टरचा चेहरा त्याच्या उघड्या तोंडापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो. दात कोरणारा एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. दात तापू नये म्हणून सोबत पाण्याचा फवारा चालू ठेवावा लागतो, आणि त्यातून लाळेचे, रक्ताचे बारीक तुषार खोलीत उडतात. म्हणूनच मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रेड झोनमधल्या दंत दवाखान्यांना फक्त तातडीच्या उपचारांची मुभा दिली. स्केलिंग, कॅप, कवळी सगळं लांबणीवर पडलं. भाडं आणि कर्जाचे हप्ते मात्र कुणाचे थांबले नाहीत.

मग लस आल्यावर या मंडळींनी डोळे मिटून दंड पुढे करायला हवा होता, असं आपल्याला वाटतं. तसं सरसकट झालं नाही. २०२१ च्या सुरुवातीला २२ देशांतल्या ६,६३९ दंतवैद्यक विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, तेव्हा ६३.५ टक्के तयार होते, १३.९ टक्क्यांनी नकार दिला आणि २२.५ टक्के कुंपणावर होते. उद्याच्या डॉक्टरांपैकी तिघांत एकाहून अधिक जण ठाम 'हो' म्हणत नव्हते. गरीब देशांत हे प्रमाण जास्त होतं.

याला अज्ञान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडचंच पाहा. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन यांपैकी लस कोणती घ्यायची हे निवडता येत नव्हतं. कोव्हॅक्सिन मिळणाऱ्याला आधी संमतिपत्रावर सही करावी लागे, आणि लसीची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे, तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे, असं त्याच कागदावर लिहिलेलं असे. पहिल्याच दिवशी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी 'आम्हाला कोविशील्ड द्या' असं पत्र दिलं. औषधाच्या चाचण्या कशा होतात हे शिकलेल्या माणसाने तो कागद वाचून आकडे मागितले, तर तो त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. मार्चच्या सुरुवातीला तिसऱ्या टप्प्याचे अंतरिम निष्कर्ष आले, पाठोपाठ कोव्हॅक्सिन 'चाचणीच्या स्वरूपात' देण्याची अटही गेली. हाच क्रम उलटा असता, आधी आकडे आणि मग मोहीम, तर पुष्कळ शंका उठल्याच नसत्या.

दंतवैद्यांसाठी हा अनुभव नवा नव्हता. रक्ताशी रोजचा संबंध असल्याने कावीळ बी ही त्यांची जुनी वैरीण. तिच्यावरची पहिली लस अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झाली. ती बनायची बाधित लोकांच्या रक्तद्रवापासून, आणि नेमक्या त्याच वर्षी एड्स उजेडात आला. रक्तद्रवावर पेप्सिन, युरिया आणि फॉर्मलिन अशा तीन प्रक्रिया व्हायच्या, त्यांत कुठलाही विषाणू तगणं कठीण. तरी लसीतून एड्स होईल ही भीती डॉक्टरांच्याही मनात घर करून राहिली. १९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेली लस आली आणि त्या भीतीचं मूळच उपटलं गेलं. आज ही लस घेतल्याशिवाय दंतवैद्याने काम करू नये, हा पाठ्यपुस्तकातला धडा आहे.

डॉक्टरच्या मनातली शंका त्याच्यापुरती राहत नाही, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. दातांच्या डॉक्टरकडे माणूस पुन्हा पुन्हा जातो. एका रूट कॅनालला दोन-तीन खेपा होतात. भूल चढेपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत सहज प्रश्न येतो : "डॉक्टर, तुम्ही घेतली का लस?" तिथे "घेतली, दुसऱ्या दिवशी ताप आला, दंड दुखला, मग बरं वाटलं" एवढं सरळ उत्तर मिळालं, तर ते जाहिरातीपेक्षा खोल जातं. "बघू, अजून ठरवलं नाही" हेही तितकंच खोल जातं.

या विश्वासाचा पुरता उपयोग आपण केला नाही. डिसेंबर २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत लस टोचणाऱ्यांच्या यादीत एमबीबीएसबरोबर बीडीएस डॉक्टरांचाही उल्लेख होता. दिवसभर हिरडीत सुई देणाऱ्या हातांना दंडात टोचणं काय अवघड? अमेरिकेनेही मार्च २०२१ मध्ये दंतवैद्यांना ही परवानगी दिली. गल्लोगल्ली पसरलेले आपले दवाखाने मात्र या कामात फारसे ओढले गेले नाहीत. पुढच्या साथीच्या आराखड्यात त्यांची जागा आधीच ठरलेली असावी, आणि लसीचे आकडे त्यांच्या हातात मोहिमेच्या आधी पडावेत.

पुढच्या आठवड्यात : औषध दुकानदार आणि लस.