लेहमध्ये कोबा तडकतो तेव्हा

काँक्रीट वाळून घट्ट होतं, हा आपला गोड गैरसमज. घट्ट होतं ते सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेमुळे. पाणी आधीच उडालं तर क्रिया अर्धवट राहते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये हवा कोरडी, ऊन कडक, त्यात वारा. ओतल्यावर काही तासांतच कोब्यावर केसासारख्या भेगा दिसू शकतात. त्या टाळायला मिश्रणातच जास्त पाणी घालणं म्हणजे शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार, कारण कोबा कमजोर होतो. पाणी द्यायचं ते वरून. ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, निदान आठवडाभर. रात्री पारा शून्याखाली उतरणार असेल तर काम पुढे ढकलावं. कोवळ्या काँक्रीटमधलं पाणी गोठून फुगतं आणि पुढे पापुद्रे सुटतात. जुना कोबा फोडून नवा घालताना खालचा थरही आधी भिजवावा, नाहीतर तोच पाणी पिऊन टाकतो.