बॉनेटवरचे पट्टे आणि मूलचं जंगल

दिवाळीनंतरची गोष्ट. गडचिरोलीहून भाच्याचा फोन आला. "मामाजी, चंद्रपूरला गाडी पाहाले चाललो. तुम्ही याच जी संगं."

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवण्यात गेली. त्यामुळे नात्यात कोणी गाडी घेणार असलं की माझं बोलावणं ठरलेलं. या वेळी मात्र प्रकरण वेगळं होतं. भाच्याच्या मनात साधी हॅचबॅक नव्हती. आकारानं लहान, पण इंजिनानं दांडगी, बॉनेटवर दोन पट्टे रंगवलेली अशी एक गाडी त्याच्या डोळ्यांत भरली होती. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, तिला महिन्यातून दोनदा तपासणीसाठी चंद्रपूरला न्यावं लागतं. जुन्या गाडीला दहा वर्षं झालेली. ताईचं म्हणणं एवढंच, "ह्या पट्ट्याचे पैसे कायले द्यावं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर सोपं नव्हतं. म्हणून आज त्यावरच बोलतो.

अशा गाड्या आपल्याकडे अगदी नव्या नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रातच तयार झाल्या. २०१३ साली चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय आली. १०५ अश्वशक्ती, दिल्लीची शोरूम किंमत ७ लाख ९९ हजार. २०१५ साली रांजणगावहून अबार्थ पुंटो आली. तिची १४५ अश्वशक्ती, किंमत ९ लाख ९५ हजार. दोन्ही आता बंद झाल्या, पण जुन्या बाजारात शौकीन माणसं अजून त्या शोधत असतात. पुढे २०२१ साली ह्युंदाईची आय-२० एन लाइन आली आणि जून २०२४ मध्ये टाटांची अल्ट्रोझ रेसर. या दोघींची ताकद १२०च्या घरात. रेसर आली तेव्हा तिची किंमत साडेनऊ लाखांपासून अकरा लाखांपर्यंत होती.

आता या किमतीमागचं एक गणित सांगतो. या गाड्यांची लांबी पाहिली तर ३९९० किंवा ३९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला जेमतेम कमी. इंजिन बाराशे सीसीच्या आत. हा योगायोग नाही. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली आणि तिच्यावरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन बाराशे सीसीपर्यंत, तरच सवलत. जीएसटी आल्यावरही तीच रेषा राहिली. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाडीवर १८ टक्के कर आहे, त्याआधी सेस धरून २९ टक्के होता. म्हणजे जी गाडी दहा लाखांना पडत होती, ती फक्त कर उतरल्यानं सव्वानऊ लाखांच्याही खाली येते. पुंटोचं इंजिन १४०० सीसीच्या जवळ होतं. लांबी चार मीटरच्या आत असूनही ती लहान गाडीच्या सवलतीला मुकली.

शोरूमची किंमत म्हणजे काही शेवटची किंमत नव्हे. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीसाठी ११ टक्के रोड टॅक्स लागतो, त्यावर गेली की १२ टक्के. शिवाय विमा. भाच्याच्या कागदावर साधं इंजिन आणि दांडगं इंजिन यांत दीड लाखाचा फरक दिसत होता. रस्त्यावर येईपर्यंत तो पावणेदोन लाखांवर गेला.

मग या पैशात मिळतं काय? लहान इंजिनातून एवढी ताकद निघते ती टर्बोमुळे. सायलेन्सरकडे जाणारा जळका वायू एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. साध्या अल्ट्रोझची ओढ, म्हणजे टॉर्क, ११५ न्यूटन मीटर होती, रेसरची १७०. आणि ही ओढ साडेसतराशे फेऱ्यांपासूनच मिळते. त्याखाली मात्र इंजिन सुस्त वाटतं. गावातल्या गतिरोधकावरून तिसऱ्या गिअरमध्ये रेटाल तर गाडी रडते, गिअर उतरवावाच लागतो.

आपल्या उन्हाचाही विचार करावा लागतो. चंद्रपूरचा मे महिना सगळ्या देशाला ठाऊक आहे. पारा ४७ अंशांवर गेला की हवा विरळ होते. २० अंशांच्या हवेशी तुलना केली तर त्याच जागेत सुमारे आठ टक्के कमी हवा मावते. साधं इंजिन त्या प्रमाणात थकतं. टर्बो जास्त दाब देऊन काही तूट भरून काढतो, पण फार तापलेल्या हवेनं इंजिनात ठोका येऊ नये म्हणून गाडीतला संगणकच ताकद आवरती घेतो. तेव्हा जानेवारीत चालवलेली गाडी मे महिन्यात तशीच वाटेल असं समजू नका.

दिसण्याबद्दल माझं मत भाच्याला पटलं नाही, तरी सांगतो. काळं छप्पर आणि काळं बॉनेट फोटोत शोभतं. आपल्याकडे दुपारी उभी केलेली काळी गाडी उघडली की आतून भट्टीसारखी झळ येते. घुग्घुसकडचा कोळशाचा धुरळा आणि एटापल्लीकडची लाल धूळ काळ्या रंगावर तासाभरात उठून दिसते. मोठी चाकं आणि पातळ टायर वळणावर गाडी घट्ट धरतात हे खरं. पण काही वर्षांपूर्वी आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर मी एका मित्राची अशी गाडी चालवत होतो. खड्ड्याच्या धारदार कडेनं टायरची बाजू चिरली. स्टेपनी लहान मापाची, तीवर रांगत परतलो. त्या मापाचं टायर मागवायला चार दिवस गेले. दोष गाडीचा नव्हता, रस्ता न पाहता चाक निवडण्याचा होता.

दांडग्या इंजिनाचा खरा उपयोग कुठे, ते भाच्याला मी कागदावर मांडून दाखवलं. गडचिरोली सोडून वैनगंगा ओलांडली की व्याहाड, सावली, मूल आणि मग चिचपल्लीच्या जंगलातून चंद्रपूर. समोर ताशी ५० किलोमीटरनं जाणारा बारा मीटरचा ट्रक धरा. मागे-पुढे पंधरा मीटर अंतर सोडून तो ओलांडायचा. गाडीत चार माणसं, एसी चालू. माझ्या ढोबळ हिशेबानं साध्या इंजिनाला पावणेनऊ सेकंद लागतात, दांडग्याला सव्वासात. समोरून ताशी ७० नं वाहन येत असेल तर साध्या गाडीला सुमारे ३४० मीटर मोकळा रस्ता हवा, दांडगीला २८५. या ५५ मीटरांत एखाद्याचा जीव वाचू शकतो. भाचा खूश झाला. "म्हणजे घ्यावी ना?"

मी म्हटलं, थांब, अर्धा हिशेब बाकी आहे. ट्रक ओलांडून झाला तेव्हा साधी गाडी ताशी ८८ वर असते, दांडगी ९६ वर. वेग दीडपट झाला तर ब्रेक दाबल्यावर लागणारं अंतर सव्वादोनपट होतं. दचकण्यातलं एक सेकंद धरलं तर ताशी ६० नं जाणारी गाडी ३७ मीटरांत थांबते, ९० नं जाणारी ७० मीटरांत. रात्री डिपर लावलेला असताना दिवे चाळीस-पन्नास मीटरच रस्ता दाखवतात. म्हणजे ९० च्या वेगात तुम्हाला रानडुक्कर दिसेल, पण त्याआधी थांबता येणार नाही. इथे १२० अश्वशक्ती काहीच करू शकत नाही.

आणि दवाखान्यातून परतताना ताईची गाडी या जंगलात रात्रीच असते.

शेवटी भाच्यानं दांडगीच घेतली. मी अडवलं नाही. रंग पांढरा घेतला, पट्टे सोडले. मापाचं पूर्ण स्टेपनी वेगळे पैसे देऊन बसवलं. आणि एक शब्द मी त्याच्याकडून घेतला. अंधार पडल्यावर जंगलात साठच्या वर जायचं नाही.

पहिल्या फेरीला मी मागच्या सीटवर ताईजवळ होतो. सकाळी जाताना भाच्यानं मूलच्या अलीकडे धानाचे दोन ट्रक मोकळ्या सरळ रस्त्यावर सहज ओलांडले. ताईला कळलंही नाही. रात्री परतताना चिचपल्लीच्या पुढे दिव्यांच्या कडेला चितळांचा कळप आला. भाच्याचा काटा साठवर होता. गाडी थांबली. समोर दहा-बारा पावलांवर एक चितळ उभं राहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि कळपामागे निघून गेलं.

घरी पोचल्यावर ताईनं घड्याळ पाहिलं. जुन्या गाडीला दोन तास लागायचे. या गाडीला एक तास पंचावन्न मिनिटं लागली.

"पावणेदोन लाखात पाच मिनिटं वाचले," ती म्हणाली.

भाचा काही बोलला नाही. आईचा हात धरून त्यानं तिला पायरी चढवली.