गाडीतले स्पीकर : साइज किती, जागा कोणती?



आजचा विषय जरा वेगळा आहे. जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली की बऱ्याच घरांत पहिला खर्च होतो तो स्पीकरवर. आमच्याकडेही तेच झालं. शाळेतल्या एका सरांच्या सेडानमध्ये मागच्या काचेखाली ६×९ इंची अंडाकृती स्पीकर आहेत. त्यांचा आवाज ऐकून आम्हीही तसेच आणले. दुकानदाराने डिकीवरचा ट्रे कापला आणि स्पीकर बसवून दिले. पंधरा दिवसांनी घाटात म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला, तसा स्पीकरसकट ट्रे उचलला जाऊन मागच्या सीटच्या पाठीवर आदळला. त्या सीटवर माझी दोन्ही मुलं बसली होती. कोणाला लागलं नाही, पण रात्रभर मला झोप नाही.

चूक कुठे झाली? सेडानमध्ये काचेखालची जागा म्हणजे गाडीच्या पत्र्याचाच पक्का भाग. आपल्या चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीत तिथे नुसता हलका ट्रे असतो, दोऱ्यांनी डिकीच्या दाराला अडकवलेला. सामान जास्त झालं की आपण तो काढून घरी ठेवतो. त्यावर तीन-चार किलो वजन ठेवायचं आणि ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने जायचं! गाडी थांबते, सुटी वस्तू थांबत नाही. ग्लास, पुठ्ठा आणि नाणं घेऊन हेच जडत्व आपण वर्गात शिकवतो की!

मग स्पीकर कुठे हवेत? कंपनीने दिलेल्या जागीच. अशा गाड्यांत बहुतेक वेळा चारही दारांत खालच्या बाजूला मोठे स्पीकर असतात आणि पुढे डॅशबोर्डच्या टोकाला किंवा काचेजवळच्या खांबाशी छोटे ट्विटर. २०१७ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या वरच्या मॉडेलमध्ये चार स्पीकर आणि चार ट्विटर होते. मोठा आणि छोटा असे दोन का? तबला आठवा. डग्गा मोठा, दायाँ लहान. जाड आवाजाला खूप हवा हलवावी लागते, म्हणून रुंद पडदा लागतो. बारीक आवाजाला पडदा सेकंदाला हजारो वेळा थरथरावा लागतो, म्हणून तो लहान आणि हलका हवा. ट्विटर वर बसवतात, कारण बारीक आवाज सरळ रेषेत जातो. तो पायाशी असला तर गुडघ्यांनाच ऐकू येईल! मात्र गाडीत कर्टन एअरबॅग असेल, तर त्या खांबाच्या आवरणाला भोक पाडू देऊ नका. एअरबॅग तिथूनच उघडते.

दारातला साइज बहुधा साडेसहा इंची असतो. पण डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. जुना स्पीकर काढून भोकाचा व्यास आणि खोली दोन्ही मोजा. चुंबक जाड असेल तर खाली येणारी काच त्यावर आपटते. पॅड बसवण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघायला सांगा.

आणखी एक आकडा फसवतो, तो म्हणजे वॅट. डब्यावर ३०० लिहिलेलं असतं, ते क्षणभराचं. आरएमएस हा आकडा बघा. गाडीतला साधा स्टिरिओ एका स्पीकरला सलग १५ ते २० वॅटच देतो. म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर जास्त डेसिबलची सेन्सिटिव्हिटी असलेला स्पीकर घ्या. ३ डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. ओहमही जुन्या स्पीकरइतकेच ठेवा. कमी ओहमचा लावला तर स्टिरिओ तापतो.

आता खरी गंमत. पडदा पुढे येतो तेव्हा समोर हवा दाबली जाते, पण त्याच वेळी मागे ती विरळ होते. दोन्ही बाजूंची हवा एकमेकींना भेटली की जाड आवाज मरतो. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वर्गात वाजवा, मग मोठ्या पुठ्ठ्याला तेवढंच भोक पाडून त्यावर घट्ट धरा. आवाज लगेच भरदार होतो. मुलं “परत करा, परत करा” म्हणतात! गाडीत दाराचा पत्रा हाच तो पुठ्ठा. म्हणून स्पीकरभोवती फोमची रिंग हवी, फटी बंद हव्यात. पत्रा थरथरत असेल तर आतून डॅम्पिंग शीट चिकटवून घ्या. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद मात्र फाटू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी गाडीत येतं. आणि वायर कापून जोडण्याऐवजी तयार कपलर मागा.

आम्ही शेवटी पुढच्या दोन दारांतलेच स्पीकर बदलले, मागचे कंपनीचेच राहू दिले. पैसे वाचले आणि आवाजही पुरेसा आहे. कापलेल्या ट्रेच्या जागी नवा घेतला. ते अंडाकृती स्पीकर आता प्लायवूडच्या पेटीत बसवून शाळेत दिलेत, रोज परिपाठाला वाजतात.