संशोधनाचेही साडेबारा टक्के

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव आज खारघरच्या उंच इमारतींच्या आड शोधावे लागते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचे ठरले, त्यांत ओवेही होते. त्याच खारघर परिसरात, राज्य शासनाने दिलेल्या सुमारे ६० एकर जागेवर, टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था उभी आहे. ४ जून २०२१ रोजी या संस्थेत देशातील पहिला ‘कार-टी’ पेशी-उपचार करण्यात आला. महाराष्ट्राच्या नवउद्योग-धोरणाचा विचार करावयाचा तो या घटनेपासून करावा, असे आम्हांस वाटते.

हा उपचार म्हणजे काय? रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी बाहेर काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे त्यांत नवा जनुक घालावयाचा, त्यांची संख्या वाढवावयाची, आणि कर्करोगाची पेशी ओळखून तिचा नाश करण्यास समर्थ झालेल्या या पेशी पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडावयाच्या. अमेरिकेत २०१७ साली असा पहिला उपचार मान्य झाला तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवण्यात आली होती. मुंबईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांनी आणि टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांनी सिद्ध केलेल्या भारतीय उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. त्याची किंमत त्या वेळी सुमारे ४० लाख रुपये सांगण्यात येत होती. म्हणजे परदेशातील किमतीच्या जवळजवळ दहावा हिस्सा. हे यश लहान नव्हे. त्याबद्दल या शास्त्रज्ञांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

तथापि, या यशाचा हिशेब नीट तपासला पाहिजे. मूळ कल्पना प्रयोगशाळेत सुचली, आणि शेवटी २०१८ साली स्थापन झालेल्या ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ या कंपनीने ती बाजारात आणली. परंतु आरंभ आणि शेवट यांच्या मधला जो टप्पा, म्हणजे शुद्धतेच्या कसोटीस उतरणारे उत्पादन आणि माणसांवरील चाचण्या, तेथेच आपल्याकडे घोडे पेंड खाते. शोधनिबंध छापून झालेला असतो म्हणून विद्यापीठाचे काम संपलेले असते. नफ्याची खात्री नसते म्हणून भांडवलदार पुढे येत नाही. या प्रकरणी तो टप्पा पार पडला, कारण केंद्राच्या जैवऔषध अभियानाने पहिल्या चाचणीसाठी १९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर केली. रुग्णालय सार्वजनिक होते, प्रयोगशाळा सार्वजनिक होती, जमीनही सार्वजनिक होती.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. परळच्या हाफकिन संस्थेत लस शोधणे आणि लस बनविणे ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच छपराखाली चालत. १९७५ साली उत्पादनासाठी स्वतंत्र महामंडळ झाले. त्या विभाजनाचे गुणदोष काहीही असोत, शोध एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे गेला, की मधला पूल मुद्दाम बांधावा लागतो, आणि तो बांधणे हे शासनाचेच काम ठरते.

राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलेल्या स्टार्टअप धोरणात ५०० कोटींचा निधी, ५० हजार स्टार्टअपचे लक्ष्य आणि ३०० एकरांची ‘इनोव्हेशन सिटी’ आहे. प्रत्येक खात्याने आपल्या वार्षिक तरतुदीचा अर्धा टक्का या कामी वेगळा काढावा, असेही त्यात म्हटले आहे. ही शेवटची कल्पना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. परंतु पन्नास हजारांची मोजदाद हे यशाचे माप नव्हे. मंडप मोठा घातला म्हणजे लग्न लागतेच असे नाही. किती शोध मधला टप्पा ओलांडून रुग्णाच्या खाटेपर्यंत वा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले, हेच माप धरले पाहिजे.

आणि पोहोचले ते कोणाच्या? महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे सर्वसाधारण संरक्षण कुटुंबास वर्षाला पाच लाखांचे आहे. चाळीस लाखांपुढे ते किती पुरणार? शाळाशिक्षकाने वा कारकुनाने घर विकले तरी उपचार परवडेलच असे नाही. ज्यांच्या कररूपी पैशावर शोध उभा राहिला, त्यांनाच तो दुकानाच्या काचेआडून पाहावा लागणे न्याय्य नव्हे.

याच परिसराचा इतिहास येथे मार्ग दाखवितो. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर आले, आणि गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. जमीन देणाऱ्यास विकसित भूमीचा साडेबारा टक्के वाटा देण्याचे तत्त्व शासनास पुढे मान्य करावे लागले, ते त्या बलिदानामुळे. त्या तत्त्वाने नवी मुंबईची वाढ थांबली नाही. मग संशोधनाच्या भूमीत जनतेचा साडेबारा टक्के वाटा का नसावा? सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाने आपल्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा सरकारी रुग्णालयांना उत्पादनखर्चाच्या भावाने द्यावा, ही अट अनुदानाच्या करारातच लिहिली जावी. आणि आरोग्य खात्याने आपल्या अर्ध्या टक्क्यातून तो हिस्सा हमखास विकत घ्यावा.

अशा अटीने भांडवल पळून जाईल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण भांडवल बिचकते ते मागाहून लादलेल्या अटींना. आधी जाहीर केलेली अट ते हिशेबात धरते, आणि खरेदीची हमी मिळाली तर तिचे स्वागतही करते. अमेरिकेने १९८० च्या कायद्यात शासनास हस्तक्षेपाचा अधिकार ठेवला, परंतु तो एकदाही वापरला नाही. मोघम अधिकार कागदावरच राहतो, हा त्याचा धडा. ओवे आणि भोवतालच्या गावांना आपला वाटा मागण्यासाठी रक्त सांडावे लागले. रोगाने जर्जर झालेल्या माणसाला मोर्चा काढता येत नाही. त्याचा वाटा शासनाने आपण होऊन, आणि आजच, लिहून ठेवला पाहिजे.