नापास ठोकळा आणि उभा स्लॅब

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत घातलेल्या काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी नापास ठरले की, स्लॅब फोडावा काय, हा प्रश्न उभा राहतो. घरमालकाची पुंजी त्यात गुंतलेली असल्याने घाईने निर्णय देणे युक्त नव्हे.

यंत्रात फुटतो तो ठोकळा, स्लॅब नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १५० मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्याच्या एका पृष्ठाचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर भरते. त्यावर एम २० प्रतीच्या काँक्रीटने ४५० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४६ टन, भार पेलावा अशी अपेक्षा असते. तीन ठोकळ्यांची सरासरी हे एक परीक्षाफल होय. त्यांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक ढळला, तर भारतीय मानक ४५६ प्रमाणे त्या नमुन्याचे फलच अग्राह्य ठरते. अहवालातील 'नापास' हा शब्द सर्वांच्या नजरेत भरतो. या तीन आकड्यांतील अंतर मात्र क्वचितच कोणी पाहतो.

पहिल्या दिवशी ठोकळे ओल्या गोणपाटाखाली सावलीत, व नंतर सुमारे २७ अंशांच्या पाण्यात ठेवावयाचे असतात. उन्हात तापलेल्या साच्यातील काँक्रीट आरंभी झपाट्याने बळ धरते, परंतु २८ दिवसांचे बळ उणेच राहते. कुटाई अपुरी होऊन ५ टक्के पोकळी राहिली, तर सुमारे ३० टक्के बळ जाते. थापीने सारखी केलेली वरची बाजू दाबपट्टीखाली आली, तरीही आकडा घसरतो. चारही उभ्या बाजू सारख्या फुटून मध्ये दोन मनोरे उरले, तर परीक्षा नीट झाली असे समजावे. भेग एकाच बाजूस गेली, तर संशय यंत्रावर.

तथापि ठोकळ्याचा कैवारही मर्यादेतच घ्यावा. माल सैल व्हावा म्हणून गवंड्याने मिक्सरमध्ये बादलीभर पाणी अधिक ओतले असेल, तर ठोकळा व स्लॅब दोन्ही दुबळे होतात. आणि स्लॅबला तर पाण्याचा हौदही लाभत नाही.

अशा वेळी स्लॅबमधूनच किमान तीन गाभे कापून काढावेत. त्यांचे ठोकळ्याशी तुल्य केलेले सरासरी बळ प्रतीच्या ८५ टक्के, व कोणत्याही एकाचे ७५ टक्के भरले पाहिजे. एम २० साठी अनुक्रमे १७ व १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तेही न भरल्यास भारपरीक्षेचा मार्ग उरतो: स्वभाराखेरीज योजित भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवावा, आणि तो काढल्यापासून २४ तासांत स्लॅबचा बाक किमान ७५ टक्के परत येतो काय, ते मोजावे.